सागरी मत्स्यालयातील माशांची निवड

सागरी मत्स्यालयातील माशांची निवड म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत परस्परांना इजा न करता दीर्घकाळ राहू शकतील असे मासे ठरविणे, ते टाकीत सोडण्याचा क्रम लावणे आणि आधीपासून स्थिरावलेल्या माशांत नव्या माशाला सामावून घेणे. माशांच्या या जुळणीला हौशी मत्स्यपालक 'कम्पॅटिबिलिटी' म्हणतात; या लेखात तिच्यासाठी 'सुसंगती' हा शब्द वापरला आहे. लेखातील विवेचन मुख्यतः ४०० लिटरहून मोठ्या घरगुती टाक्यांना लागू आहे.

सुसंगती हा एखाद्या जातीचा कायमचा गुणधर्म नसतो. पिवळा टँग हा मासा एका टाकीत निरुपद्रवी ठरतो, तर दुसऱ्या टाकीत नव्याने आलेल्या माशाच्या जिवावर उठतो. आधी कोण आला, कोणाकोणाचे खाणे एकच आहे, कोणाची कपार कोठे आहे आणि हरलेल्याला पळायला किती जागा आहे, यांवर हा फरक अवलंबून असतो. टाकी मोठी असली की प्रश्न सौम्य होतो, पण सुटत नाही. शिवाय मोठ्या टाकीत खडकांच्या राशीत दडलेला मासा परत पकडणे अतिशय अवघड असल्याने निवडीतील चूक वर्षानुवर्षे भोवते.

पार्श्वभूमी

गोड्या पाण्यातील गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश हे शोभिवंत मासे पिढ्यानुपिढ्या माणसाच्या हाताखाली वाढले आहेत. सागरी माशांचे तसे नाही. बहुतेक जातींची अंडी पाण्यात तरंगत जातात, त्यांतून निघणारी पिल्ले अतिसूक्ष्म असतात आणि त्यांना लागणारे तितकेच सूक्ष्म जिवंत अन्न कृत्रिम रीतीने पुरवणे कठीण असते. त्यामुळे बाजारात येणारे बहुसंख्य सागरी मासे आजही हिंदी व प्रशांत महासागरांतील आणि कॅरिबियन समुद्रातील प्रवाळभिंतींवरून पकडलेले असतात.

क्लाउनफिश, काही डॉटीबॅक, काही गोबी आणि बांगाई कार्डिनल हे याला महत्त्वाचे अपवाद होत. पिवळ्या टँगची पैदास हवाई येथील ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ साली यशस्वी केली, तर निळ्या टँगची पैदास फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत २०१६ साली साधली. भारतात केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. टाकीत जन्मलेला मासा मिळत असेल तर तोच घ्यावा, असे अनुभवी पालक सांगतात. तो कोरडे व गोठवलेले खाद्य पहिल्या दिवसापासून खातो आणि माणसाच्या सावलीला बुजत नाही. त्याच्यासाठी प्रवाळभिंतीवरून एक मासा कमीही होत नाही.

समुद्रातून आलेल्या माशाने स्वतःची हद्द राखलेली किंवा दुसऱ्याच्या हद्दीतून हाकलून घेतलेले असते. प्रवाळभिंतीवर हरलेला मासा चार-सहा मीटर दूर निघून जातो आणि भांडण तेथेच संपते. टाकीत तो काचेला धडकून परत त्याच शत्रूसमोर येतो. हरल्याची खूण म्हणून तो पंख मिटून कोपऱ्यात उभा राहिला, तरी जिंकलेल्याच्या दृष्टीने तो हद्दीतच असतो. म्हणून समुद्रात काही क्षणांत मिटणारी चकमक टाकीत दिवसचे दिवस चालते. पराभूत मासा बहुधा जखमांनी मरत नाही. तो खाणे सोडतो, त्याची प्रतिकारशक्ती खालावते आणि शेवटी रोगाला बळी पडतो. त्यामुळे 'मासा आजाराने गेला' अशी नोंद होते आणि खरे कारण लक्षात येत नाही.

आयुर्मानाचाही विचार करावा लागतो. क्लाउनफिश मत्स्यालयात २० वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. सर्जनफिश कुळातील काही जाती निसर्गात ३० वर्षांपलीकडे जगतात.

टाकीचे आकारमान

टाकी किती लिटरची आहे यापेक्षा ती किती लांब आहे आणि तिच्यात किती आडोसे आहेत हे अधिक महत्त्वाचे असते. १८० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच अशा टाकीची एकूण क्षमता ६४८ लिटर भरते. खडक, वाळू आणि वरची मोकळी कड वजा जाता प्रत्यक्ष पाणी साधारण ५०० ते ५५० लिटर राहते. तेवढ्याच क्षमतेची पण उंच आणि आखूड टाकी दिवाणखान्यात शोभून दिसत असली, तरी सतत पोहणाऱ्या माशांना ती अपुरी पडते. टँग जातीचा मासा आडवा पोहतो. त्याला उंचीचा फारसा उपयोग नसतो.

'इतक्या लिटरला इतके सेंटिमीटर मासा' असे हिशेब जुन्या पुस्तकांतून आढळतात. गोड्या पाण्यातल्या लहान माशांसाठी ते ढोबळ मानाने चालून जातात, पण सागरी टाकीत ते फसवे ठरतात. ८ सेंमीचा ब्लू डेव्हिल डॅमसेल आणि ८ सेंमीचा फायरफिश लांबीने सारखेच असले, तरी पहिला अर्धी टाकी आपली मानतो आणि दुसरा एका भोकाशेजारी दिवस काढतो.

लांबी मोजायची ती पूर्ण वाढीची. निळा टँग दुकानात ४-५ सेंमीचा मिळतो आणि ३० सेंमीच्या आसपास वाढतो. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला पँथर ग्रूपर पिलाच्या अवस्थेत इतका मोहक दिसतो की तो हमखास विकला जातो. त्याची कमाल लांबी मात्र ७० सेंमी असते आणि तोपर्यंत टाकीतील निम्मे मासे त्याच्या पोटात गेलेले असतात. कोकण किनाऱ्यावर हेकरू किंवा गोबरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांचाच हा आप्त आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याच्या भुकेचे आश्चर्य वाटत नाही.

पहिला निर्णय: प्रवाळ की केवळ मासे

मासे निवडण्यापूर्वी टाकीचा प्रकार ठरवावा लागतो. ज्या टाकीत प्रवाळ, समुद्रफुले, कोळंबी, शंख असे अपृष्ठवंशी जीव ठेवायचे आहेत तिला रीफ टाकी म्हणतात. ट्रिगर, पफर, मोठे एंजल आणि बहुतेक फुलपाखरी मासे या टाकीला वर्ज्य, कारण ते या जीवांना अन्न समजतात. फुलपाखरी माशांपैकी आठ पट्ट्यांचा फुलपाखरी मासा आणि त्यासारख्या काही जाती केवळ जिवंत प्रवाळांच्या मांसल भागावर जगतात. प्रवाळ असलेल्या टाकीत त्या नासधूस करतात आणि नसलेल्या टाकीत उपाशी मरतात. म्हणून त्या कोणत्याच घरगुती टाकीसाठी घेऊ नयेत.

दुसरा प्रकार केवळ माशांच्या टाकीचा. तिच्यात लायनफिश, वाम कुळातील मोरे ईल, ट्रिगर, ग्रूपर असे शिकारी मासे ठेवले जातात. ही दोन्ही मंडळी एकत्र नांदविण्याचा मोह मोठी टाकी घेणाऱ्याला नेहमी होतो. लायनफिश शांत असतो, कोणाच्या अंगावर धावून जात नाही, हे खरे आहे. पण तो शांतपणे गिळतो. आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठा मासाही तो गिळू शकतो. त्याच्या पाठीवरील काटे विषारी असल्याने टाकीत हात घालणाऱ्यालाही सावध राहावे लागते.

भांडणाची कारणे

ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्ट्स याने १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आक्रमकतेवरील ग्रंथाचा आरंभच प्रवाळभिंतीवरील माशांपासून केला. जाहिरातीच्या फलकासारखे भडक रंग असलेले मासे स्वजातीयांवर सर्वांत त्वेषाने तुटून पडतात आणि परजातीयांकडे बहुधा दुर्लक्ष करतात, असे त्याचे निरीक्षण होते. त्याच्या मते ते रंग म्हणजे 'ही जागा घेतलेली आहे' अशी स्वजातीयांना दिलेली सूचना होय. प्राणिवर्तनावरील कार्यासाठी त्याला १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

लोरेन्ट्सचा हा नियम पुढील अभ्यासकांनी जसाच्या तसा मान्य केलेला नाही. स्टेगास्टेस प्रजातीचे डॅमसेल खडकावर शेवाळाची जणू शेतीच राखतात आणि ते खाऊ पाहणाऱ्या सर्जनफिशला, इतकेच नव्हे तर समुद्री साळींदरांनाही हुसकावतात. त्यांचे वैर जातीवर नसून खाण्यावर असते. मत्स्यपालकाच्या दृष्टीने दोन्ही निरीक्षणे उपयोगी आहेत. नव्या माशाला सर्वाधिक धोका स्वजातीयाकडून असतो. त्याखालोखाल धोका अंगलट, रंग किंवा खाणे सारखे असलेल्या परक्याकडून असतो.

याचे बोलके उदाहरण म्हणजे रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक. दोघांचे डोक्याकडचे अर्धे अंग जांभळे आणि शेपटीकडचे पिवळे असते. पहिला कॅरिबियन समुद्रातला, दुसरा पश्चिम प्रशांत महासागरातला. निसर्गात त्यांची कधी गाठ पडत नाही. टाकीत मात्र ते एकमेकांना स्वजातीय शत्रूसारखे वागवतात आणि त्यात शांत स्वभावाच्या रॉयल ग्रामाचे हाल होतात.

याउलट दिसण्यातील फरक संरक्षक ठरू शकतो. एम्परर एंजलच्या पिलाच्या गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे असतात, तर प्रौढाच्या अंगावर पिवळे-निळे आडवे पट्टे असतात. हा वेगळा पोशाख असेपर्यंत प्रौढ मासा पिलाला प्रतिस्पर्धी मानत नाही, असे मानले जाते. रंग बदलू लागले की ही सवलत संपते, म्हणून टाकीत प्रौढ आणि पिल्लू एकत्र ठेवणे हा तात्पुरताच उपाय ठरतो.

प्रमुख गट आणि त्यांचे स्वभाव

क्लाउनफिश. २००३ सालच्या 'फाइंडिंग नेमो' या चित्रपटामुळे घराघरात पोहोचलेला हा मासा डॅमसेलच्याच कुळातला आहे. सर्व क्लाउनफिश जन्मतः अपरिपक्व असतात, मग नर होतात आणि गटातील सर्वांत मोठा व प्रबळ मासा मादी होतो. मादी मेली की तिचा जोडीदार नर मादीत रूपांतरित होतो आणि खालचा मासा नराची जागा घेतो. टाकीत दोन लहान, शक्यतो कमीजास्त आकाराची पिल्ले एकदम सोडली तर त्यांतील मोठे पिल्लू मादी बनते व जोडी आपोआप जुळते. जुळलेल्या जोडीत मागाहून तिसरा क्लाउनफिश सोडणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दाढेत लोटणे होय. निरनिराळ्या जातींचे क्लाउनफिश एकत्र ठेवणेही इष्ट नाही. त्यांतल्या त्यात मरून क्लाउनची मादी फारच तापट असते. समुद्रफूल नसले तरी क्लाउनफिशचे अडत नाही. समुद्रफुलालाच स्वच्छ पाणी आणि तीव्र प्रकाश लागतो, त्यामुळे ते नवख्याने घेऊ नये.

डॅमसेल. स्वस्त, काटक आणि रंगाने देखणे असल्यामुळे पूर्वी नव्या टाकीत जिवाणूंची वाढ होईपर्यंत डॅमसेल सोडण्याची पद्धत होती. अमोनियाचा त्रास सोसून ते जगत आणि टाकी तयार होईपर्यंत तिचे मालक बनलेले असत; मग येणाऱ्या प्रत्येक माशाला त्यांचा मार खावा लागे. आता मासा न सोडता केवळ अमोनियाचा स्रोत वापरून टाकी तयार करता येत असल्याने या पद्धतीचे समर्थन करता येत नाही. हिरवा क्रोमिस त्या मानाने सौम्य आहे, परंतु थव्याने घेतलेल्या क्रोमिसांची संख्या टाकीत हळूहळू घटत जाते, असा अनुभव अनेकांना येतो. थव्यातील उतरंडीत सर्वांत खालच्या माशाला लपायला जागा न उरणे हे त्याचे एक कारण.

सर्जनफिश किंवा टँग. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना शस्त्रवैद्याच्या सुरीसारखा धारदार काटा असल्याने या कुळाला सर्जनफिश हे नाव पडले. मोठी टाकी घेण्याचे कारण अनेकदा हेच मासे असतात आणि भांडणाचेही कारण बहुधा तेच ठरतात. यांतील जाती अंगलटीवरून ओळखल्या जातात: पिवळ्या टँगसारखे तबकडीच्या आकाराचे, पावडर ब्लू टँगसारखे लंबगोल, आणि निळा टँग वेगळाच. सारख्या अंगलटीचे दोन टँग टाळावेत. भिन्न अंगलटीचे दोन-तीन टँग १८० सेंमीच्या टाकीत ठेवता येतात, तेही शक्य तितके एकाच वेळी सोडून. हिंदी महासागरातला पावडर ब्लू टँग अप्रतिम देखणा, पण तापट आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला चटकन बळी पडणारा आहे. तांबड्या समुद्रातला सोहल टँग तर टाकीत दुसऱ्या कोणाचीच सत्ता चालू देत नाही. ज्याला शेवाळ खाणारा मोठा मासा हवा आहे पण भांडण नको, त्याने फॉक्सफेस रॅबिटफिशचा विचार करावा. त्याच्या पाठीचे काटे विषारी असले तरी तो ते स्वसंरक्षणासाठीच वापरतो.

एंजल. सेंट्रोपायजी प्रजातीचे बुटके एंजल १० सेंमीच्या आसपास राहतात; टाकीत त्यांतला एकच ठेवणे सर्वांत सुरक्षित. पोमॅकँथस प्रजातीचे मोठे एंजल ४० सेंमीपर्यंत वाढतात आणि त्यांना १८० सेंमीची टाकीदेखील तोकडीच पडते.

अँथियस. एक नर आणि अनेक माद्या अशा कळपाने राहणारा हा मासा क्लाउनफिशच्या उलट आहे: जन्मतः मादी असतो आणि नर मेला की सर्वांत प्रबळ मादी नर बनते. म्हणून एक नर व पाच-सहा माद्या असा गट घ्यावा. दोन नर घेऊ नयेत. प्रवाहातून वाहत येणारे प्लवक दिवसभर टिपत राहण्याची सवय असल्याने त्यांना दिवसातून अनेकदा थोडे थोडे खाद्य द्यावे लागते. नोकरीनिमित्त दिवसभर घराबाहेर असणाऱ्या पालकाला हे जमेलच असे नाही.

रास कुळात स्वभावाची दोन टोके दिसतात. सिऱ्हिलॅब्रस प्रजातीचे फेअरी रास रंगीत आणि बहुतांशी सौम्य असतात. सहा रेघांचा रास मात्र जेमतेम १० सेंमीचा असूनही नवागताचा पिच्छा सोडत नाही. तो घ्यायचाच तर सर्वांत शेवटी घ्यावा. दुसऱ्या माशांच्या अंगावरील परजीवी टिपून खाणारा क्लीनर रास उपयोगी वाटतो, पण टाकीत पुरेसे खाणे न मिळाल्याने तो बहुधा खंगत जातो. त्याच्याऐवजी टाकीत जन्मलेला निऑन गोबी घ्यावा.

ट्रिगर माशांत क्लाउन ट्रिगर आणि नारंगी रेघांचा ट्रिगर हे अत्यंत हिंस्र होत. मोठ्या माशांच्या टाकीत ट्रिगर हवाच असेल तर प्लवकभक्षी असलेला निळ्या हनुवटीचा ट्रिगर त्यातल्या त्यात बरा.

काही माशांचा प्रश्न भांडणाचा नसून उपासमारीचा असतो. मँडरिन मासा कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव खडकांवरून टिपून जगतो. वर्ष-दीड वर्ष मुरलेल्या, भरपूर खडक असलेल्या मोठ्या टाकीतच ते पुरेसे असतात, आणि त्याच खाण्यावर जगणारा दुसरा मासा टाकीत असेल तर तेथेही ते संपतात. काउफिश स्वभावाने गरीब, पण घाबरला किंवा मरू लागला की त्वचेतून विष सोडतो आणि त्याने अख्खी टाकी दगावू शकते. आक्रमक माशांच्या सोबतीला तो कधीही देऊ नये.

प्रवेशाचा क्रम

सर्वांत बुजरा मासा सर्वांत आधी आणि सर्वांत दांडगा सर्वांत शेवटी, हा क्रमाचा मूळ नियम आहे. आधी आलेल्याला जागेचा हक्क मिळतो आणि हा हक्क माशांच्या जगात आकाराइतकाच बळकट असतो. बुजऱ्या माशाने आपले भोक निश्चित केले, खाद्य कोठे पडते हे जाणले, की मागून आलेला दांडगा मासा त्याला टाकीतील सामान समजतो. क्रम उलटला तर तोच बुजरा मासा उंदरासारखा कोपऱ्यात राहतो.

वर सांगितलेल्या १८० सेंमीच्या रीफ टाकीसाठी एक संभाव्य क्रम असा होईल. प्रथम फायरफिशची जोडी आणि पिस्तूल कोळंबीसह एक वॉचमन गोबी. अधू दृष्टीची कोळंबी बीळ खणते आणि गोबी दारात पहारा देतो. ही जोडी निसर्गात जशी राहते तशीच टाकीतही राहते. त्यानंतर टाकीत जन्मलेल्या बांगाई कार्डिनलची जोडी. इंडोनेशियातील मोजक्या बेटांपुरताच असलेला हा मासा व्यापारामुळे धोक्यात आला असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००७ साली त्याची गणना संकटग्रस्त जातींत केली. पुढे क्लाउनफिशची जोडी आणि अँथियसचा कळप, त्यापुढे फेअरी रास व फॉक्सफेस, मग एक बुटका एंजल आणि अखेरीस पिवळा टँग. निळा टँगही ठेवायचा असल्यास तो पिवळ्याबरोबरच सोडावा.

दोन प्रवेशांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये करणारे जिवाणू खडकांत व वाळूत असतात आणि मासे वाढले की त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो. एका रविवारी सात-आठ मासे आणून सोडणे हे मोठी टाकी बिघडण्याचे नेहमीचे कारण आहे. अमोनिया व नायट्राइट शून्यावर, विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ च्या दरम्यान आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान स्थिर असल्याशिवाय पुढचा मासा आणू नये.

विलगीकरण

नवा मासा थेट मुख्य टाकीत न सोडता ४ ते ६ आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवणे याला विलगीकरण म्हणतात. त्याचा मुख्य हेतू क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स या परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग रोखणे हा असतो. हा परजीवी माशाच्या अंगावर काही दिवसच असतो. मग तो गळून तळाशी पडतो, कवच धारण करतो आणि काही दिवसांनी ते कवच फुटून शेकडो नवे परजीवी माशांच्या शोधात निघतात. ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग बरा झाला, हा समज त्यामुळेच घातक ठरतो. एकदा हा रोग मुख्य टाकीत शिरला तर सर्व मासे बाहेर काढून टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. रोगावर चालणारे तांब्याचे औषध कोळंबी, शंख व प्रवाळांना मारक असल्याने ते मुख्य टाकीत टाकता येत नाही.

विलगीकरणाचा दुसरा लाभ कमी बोलला जातो. तेथे नवा मासा कोणाचाही मार न खाता माणसाने दिलेले खाद्य खायला शिकतो. पोट भरलेला, ताकदीचा मासा मुख्य टाकीत गेला तर पहिल्या दोन दिवसांची छळवणूक सोसू शकतो. खरेदीच्या वेळीच दुकानदाराला मासा खाताना दाखवायला सांगावे. विशेषतः फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून मासे पकडण्यासाठी सायनाइडचा वापर होत आला आहे. असा मासा वरून धडधाकट दिसूनही पुढे खंगत जाऊ शकतो.

नव्या माशाला सोडण्याची रीत

लांबच्या प्रवासात पिशवीतील पाण्यात माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा सामू उतरतो आणि साठलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी बनतो. म्हणून २४ तासांहून अधिक प्रवास केलेल्या माशाला उघड्या पिशवीत तासन्‌तास थेंब-थेंब पाणी देत बसू नये. विलगीकरण टाकीची क्षारता पिशवीतील पाण्याइतकी आधीच करून ठेवावी, पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि मासा लवकर सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

मुख्य टाकीत सोडताना जुन्या माशांना आधी खाऊ घालावे आणि दिवे बंद करावेत. काही खडकांची जागा बदलल्यास जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात व सर्वांनाच नव्याने सुरुवात करावी लागते. प्रवाळ चिकटलेले खडक हलविता येत नसतील तर छिद्रे असलेल्या पारदर्शक पेटीत नवा मासा चार-पाच दिवस टाकीतच ठेवतात. जुने मासे काचेवर येऊन फणकारतात आणि बहुधा कंटाळून नाद सोडतात. पाचव्या दिवशीही एखादा मासा पेटीपुढून हलत नसेल, तर नव्याला सोडण्याऐवजी त्या जुन्यालाच काही दिवस पेटीत घालावे. परत येईपर्यंत त्याची मालकी ढिली झालेली असते. टाकीच्या बाहेर आरसा लावून दांडग्या टँगचे लक्ष त्याच्या प्रतिबिंबाकडे वळविण्याची युक्तीही वापरतात. पहिले काही दिवस टाकीवर जाळीचे झाकण अत्यावश्यक असते. फायरफिश आणि फेअरी रास पाठलाग झाला की पाण्याबाहेर उडी मारतात आणि सकाळी फरशीवर वाळलेले सापडतात.

छळ आणि ओळखपरेड यांत भेद करावा लागतो. पंख फुलवणे, शेपटी वळवून काटा दाखवणे, एक-दोन वेळा धावून जाणे हे स्वाभाविक होय. पंख फाटणे, नवा मासा पृष्ठभागाशी किंवा पंपामागे अडकून राहणे आणि खाद्याकडे न येणे ही मात्र वेगळे करण्याची लक्षणे आहेत. अशा वेळी 'उद्यापर्यंत पाहू' म्हणण्यात मासा गमावला जातो.

भारतातील परिस्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे यांचा समावेश करण्यात आला. त्यामुळे प्रवाळभिंतीवरून प्रवाळ किंवा जिवंत खडक काढून मत्स्यालयात ठेवणे हा गुन्हा ठरतो. दुकानात 'समुद्रातला खडक' म्हणून दाखविल्या जाणाऱ्या वस्तूबाबत म्हणूनच सावधगिरी बाळगावी. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक कायदेशीर असतात आणि काही महिन्यांत त्यांत जिवाणूंची चांगली वाढ होते.

महाराष्ट्रात मुंबईचे १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय हे अनेकांना सागरी मासे प्रथम पाहायला मिळालेले ठिकाण होय. घरगुती टाकीसाठी मात्र किनाऱ्यावरचे पाणी भरून आणणे सुरक्षित नसते. शहरांजवळच्या पाण्यात गाळ व सांडपाणी असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही घटते. शुद्ध केलेल्या पाण्यात, दर किलोग्रॅम द्रावणात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतील अशा बेताने, तयार मिश्रण कालवणेच श्रेयस्कर ठरते. एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी सहज ३० अंशांवर जात असल्याने चिलर लागतो. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. वीज गेली की प्रवाहही थांबतो. अशा वेळी सर्वांत आधी गुदमरतात ते टँगसारखे मोठे, सतत पोहणारे मासे. भारनियमनाच्या भागात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप नसेल तर टाकीत माशांची संख्या हातची राखूनच ठरवावी.

न जुळणारा मासा

सर्व काळजी घेऊनही एखादा मासा जुळत नाही. त्याला पकडण्यासाठी टाकीत खाद्य ठेवलेला पारदर्शक सापळा काही दिवस उघडा ठेवून त्याची सवय करू देतात आणि मग झडप पाडतात; जाळी घेऊन पाठलाग केला तर टाकीतील इतर सर्वच मासे धास्तावतात. पकडलेला मासा परत घेण्याची तयारी आहे का, हे दुकानदाराला खरेदीपूर्वीच विचारून ठेवावे. कोणत्याही परिस्थितीत तो समुद्रात सोडू नये. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम आढळला आणि मत्स्यालयांतून सोडलेले मासे हेच त्याचे मूळ मानले जाते. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरला असून तेथील लहान माशांची मोठ्या प्रमाणात शिकार करतो.